सॉफ्टवेअरसाठी नॉबची पेटी: चार एन्कोडर, दोन पॉट, एक यूएसबी केबल

पडद्यावरचा स्लायडर माउसने हलवायचा तर आधी तो शोधा, मग पकडा, आणि सोडेपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवा. तेवढा वेळ फोटोकडे किंवा टाइमलाइनकडे लक्ष नसतं. नॉब हातात असला की नजर मोकळी राहते, शिवाय दोन हातांनी दोन गोष्टी एकदम बदलता येतात. ही कल्पना माउसपेक्षाही आधीची. १९६३ साली इव्हान सदरलंड यांनी एमआयटीत मांडलेल्या स्केचपॅड या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये लाइट पेनच्या (पडद्यावर टेकवायच्या पेनच्या) जोडीला चार काळे नॉब होते. चित्राचा कुठला भाग किती मोठा दिसावा हे त्यांनी ठरायचं.

आपल्या पेटीतही चारच नॉब आहेत, आणि बाजूला दोन पॉट.

आकडा राहतो कुठे?

सामान घेण्याआधी हा प्रश्न सोडवा, कारण पुढच्या निम्म्या कटकटी इथेच टळतात.

पोटेंशिओमीटर, म्हणजे पॉट, साधारण ३०० अंश फिरतो आणि दोन्ही टोकांना अडतो. त्याची जागा हाच त्याचा आकडा. एन्कोडर कितीही फिरतो आणि फक्त एवढंच सांगतो: उजवीकडे एक खटका, डावीकडे एक खटका. आकडा सॉफ्टवेअरकडे राहतो.

फोटो एडिटिंगमध्ये एका फोटोचं एक्स्पोजर +०.७ असतं, पुढच्याचं −०.३. फोटो बदलला की आकडा बदलतो, पॉट मात्र जुन्याच जागेवर. त्याला हात लावताच एक्स्पोजर उडी मारून पॉटच्या जागेवर जातं. म्हणून जिथे आकडा सॉफ्टवेअर बदलू शकतं (फोटोचे स्लायडर, प्लगइनचे पॅरामीटर, ब्रशचा आकार, टाइमलाइन) तिथे एन्कोडरच हवा. जिथे आकडा फक्त हातानेच बदलणार (मायक्रोफोनची पातळी, हेडफोनचा आवाज) तिथे पॉट चांगला, कारण नुसतं बघून तो कुठे आहे ते कळतं. चाराला दोन हे प्रमाण त्यावरूनच आलं.

सामान

बोर्ड: एटीमेगा ३२यू४ चिप असलेला प्रो मायक्रो, ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झचा. या चिपमध्ये यूएसबी आतच असल्यामुळे तो संगणकाला कीबोर्ड किंवा मिडी (संगीताची उपकरणं आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात ती भाषा) उपकरण म्हणून दिसू शकतो. अर्दुइनो उनो (आर३ पर्यंतचा) इथे चालत नाही. त्याच्या मुख्य चिपला यूएसबी नाही, मधली वेगळी चिप फक्त सीरियल पोर्ट देते. घरात उनो पडलाय म्हणून तोच वापरायचा मोह होतो. मग संगणकावर सीरियलचं मिडी करणारा जादा प्रोग्राम कायम चालू ठेवावा लागतो. रास्पबेरी पाय पिको चालेल, पण तो ३.३ व्होल्टचा आहे आणि त्याच्या बाहेर काढलेल्या अ‍ॅनालॉग पिना तीनच आहेत.

चार ईसी११ एन्कोडर, दाबता येणारे, फेरीला २० खटक्यांचे. याच आकारात ३० खटके आणि १५ पल्सचा प्रकारही मिळतो. तोही चालतो, फक्त प्रोग्राममध्ये एक फरक करावा लागतो, तो पुढे येईल. दोन १० किलोओहमचे लिनिअर पॉट, ज्यांच्यावर सहसा बी१०के असं छापलेलं असतं. ए१०के म्हणजे ऑडिओ टेपर. तो घेतला तर बहुतेक बदल एका टोकाला गोळा होतो आणि उरलेली अर्धी फेरी काहीच घडत नाही. १०० किलोओहमचे पॉटही नकोत: चिपचा अ‍ॅनालॉग भाग १० किलोओहमपर्यंतचा स्रोत धरून बनवलेला आहे, त्याहून जास्त झालं की एका पॉटचं वाचन शेजारच्या पॉटमध्ये मिसळू लागतं.

याशिवाय १० नॅनोफॅरडचे आठ आणि १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, बारीक वायर, ६ मिलिमीटर दांड्याला बसणारे सहा नॉब आणि २ ते ३ मिलिमीटर जाडीचा पॅनेल. दांडा डी आकाराचा आहे की बारीक दात्यांचा, हे नॉब घेताना नक्की बघा. दोन्ही ६ मिलिमीटरचेच असतात, पण एकाचा नॉब दुसऱ्यावर नीट बसत नाही.

पॅनेल

ईसी११ च्या आट्यांचा व्यास ७ मिलिमीटर असतो, तेवढंच भोक पाडा. बहुतेक पॉटनाही ७ चालतं, पण पाडण्याआधी मोजा. केंद्रापासून केंद्रापर्यंत किमान ३० मिलिमीटर ठेवा. २० मिलिमीटर व्यासाचे नॉब २५ मिलिमीटरवर लावले तर कागदावर छान दिसतात आणि एक फिरवताना शेजारचा बोटाने हलतो. लाकडी पॅनेल ६ मिलिमीटरचा असेल तर नटला आटे उरत नाहीत. मागून त्या जागी खोलगट करून जाडी ३ पर्यंत आणा.

नटाखाली वॉशर हवाच. काही एन्कोडरना अंगावर एक छोटी पट्टी वर आलेली असते. ती एन्कोडर जागेवर फिरू नये म्हणून आहे. तिच्यासाठी पॅनेलला मागून खाच करा. पट्टी कापून टाकायची सवय अनेकांना असते, आणि दोन महिन्यांनी नट सैल झाला की अख्खा एन्कोडर गरगरतो आणि वायरी तुटतात.

पेटी हलकी असेल तर नॉब दाबताना ती टेबलावर सरकते. आत लोखंडी पट्टी टाकून वजन अर्ध्या किलोच्या आसपास न्या आणि चारही कोपऱ्यांना रबरी पाय लावा. दोन पॉट एन्कोडरपासून थोडे लांब, वेगळ्या आकाराच्या नॉबसह बसवा, म्हणजे न बघता हाताला फरक कळतो.

जोडणी

एन्कोडरच्या एका बाजूला तीन पाय, दुसऱ्या बाजूला दोन. तिनातला मधला ग्राउंडला, कडेचे दोन बोर्डच्या दोन पिनांना. दोन पायांची बाजू म्हणजे आतलं बटण: एक पाय ग्राउंडला, एक पिनला. कुठला कुठे याने बिघडत नाही.

पिनांची वाटणी अशी करा. एन्कोडरना ०–१, २–३, ४–५, ६–७ या जोड्या. बटणांना ८, ९, १०, १६. पॉटच्या मधल्या पायांना ए० आणि ए१. बोर्डवर ० आणि १ असे छापलेले नसतात, तिथे आरएक्सआय आणि टीएक्सओ लिहिलेलं असतं. आरएक्सआय म्हणजे ०. पॉटचे कडेचे पाय ५ व्होल्ट आणि ग्राउंडला. पॉट उलटा चालला तर कडेच्या वायरी अदलाबदल करा किंवा प्रोग्राममध्ये १०२३ मधून वजा करा.

एन्कोडरच्या सगळ्या पिनांना चिपमधला पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) चालू करायचा. तो २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे तसा कमजोर. वायर वीतभर असेल तर पुरतो. त्याहून लांब असेल तर प्रत्येक पिनपासून ५ व्होल्टपर्यंत बाहेरून १० किलोओहम लावा. प्रत्येक एन्कोडर पिन आणि ग्राउंडमध्ये १० नॅनोफॅरड, प्रत्येक पॉटच्या मधल्या पायाला ग्राउंडशी १०० नॅनोफॅरड.

सुटे एन्कोडर न घेता छोट्या बोर्डावर बसवलेले घेतले असतील तर एक सापळा आहे. त्यावर दोन १० किलोओहम रेझिस्टर आधीच असतात आणि त्यांचं दुसरं टोक अधिकच्या (+) पिनला एकत्र जोडलेलं असतं. ही पिन मोकळी सोडली तर दोन्ही सिग्नल २० किलोओहममधून एकमेकांना बांधले जातात. एक शून्यावर गेला की दुसराही दोन व्होल्टच्या आसपास ओढला जातो आणि चिपला तो धड एक वाटत नाही, धड शून्य वाटत नाही. एन्कोडर खराब निघाला म्हणून फेकून दिले जातात त्यातल्या कित्येकांचा आजार हाच. अधिकची पिन ५ व्होल्टला जोडा.

सोल्डरिंग करताना आयर्न पायावर तीन सेकंदांहून जास्त ठेवू नका. आतलं प्लास्टिक मऊ झालं की पाय तिरका होतो आणि खटका लागतो पण सिग्नल येत नाही.

एन्कोडर वाचणं

इथे थोडं थांबू, कारण इथे घाई केली की नॉब दोन पुढे एक मागे चालतो.

दोन्ही पिनांची स्थिती एकत्र धरली तर चार शक्यता होतात: ००, ०१, ११, १०. एका दिशेने फिरवलं की त्या याच क्रमाने येतात, उलट दिशेला उलट. २० खटक्यांच्या प्रकारात एका खटक्यात चारही पायऱ्या होतात, म्हणजे फेरीला ८० बदल. खटक्यावर बसलेला असताना दोन्ही संपर्क उघडे असतात आणि पुल-अपमुळे ११ वाचलं जातं.

जुनी स्थिती गुणिले ४ अधिक नवी स्थिती केली की ० ते १५ मधला आकडा येतो. त्यावरून या सोळा खणांच्या तक्त्यात बघा:

०, −१, +१, ०, +१, ०, ०, −१, −१, ०, ०, +१, ०, +१, −१, ०

मिळालेला आकडा एका बेरजेत टाकत राहा. संपर्क थरथरले तर एकाच तारेवर पुढे-मागे होतं, म्हणजे +१, −१, +१ असं होऊन शेवटी १ च उरतो. वेगळं डिबाउन्स, म्हणजे थरथर गाळण्याची सोय, लागत नाही. दोन्ही तारा एकदम बदलल्या तर मधली पायरी हुकली असं समजून तक्ता ० देतो.

स्थिती ११ झाली की बेरीज बघा. +२ किंवा जास्त असेल तर उजवीकडे एक खटका धरा, −२ किंवा कमी असेल तर डावीकडे. आणि दोन्ही बाबतींत बेरीज पुन्हा शून्य करा. चाराऐवजी दोनची अट ठेवली की एखादी पायरी हुकली तरी खटका हुकत नाही, आणि शून्य केल्यामुळे चूक साचत जात नाही. ३० खटक्यांचा प्रकार एकदा ११ वर आणि एकदा ०० वर थांबतो. त्यासाठी दोन्ही ठिकाणी हीच तपासणी करा. नाहीतर दर दुसरा खटका मुका.

वाचायचं कधी? या चिपवर बाहेरचे इंटरप्ट (पिन बदलताच हातचं काम थांबवून तिकडे बघायला लावणारी सोय) ०, १, २, ३ आणि ७ या पाचच पिनांना आहेत, त्यामुळे चार एन्कोडरना ते पुरत नाहीत, शिवाय थरथरीत ते उगाच धावत सुटतात. सरळ टायमर लावा आणि दर अर्ध्या मिलिसेकंदाला सगळे एन्कोडर वाचा. सेकंदाला पाच फेऱ्या इतक्या जोरात फिरवलं तरी ४०० बदल होतात, म्हणजे दोन बदलांमध्ये अडीच मिलिसेकंद. मुख्य लूपमध्ये (प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या भागात) वाचायला बसू नका. यूएसबीवर संदेश पाठवताना तो मध्येच अडकतो आणि नेमके तेवढेच खटके गायब होतात. टायमरमध्ये फक्त मोजा, पाठवायचं काम लूपमध्ये.

बटणांना मात्र डिबाउन्स हवा, ५ मिलिसेकंद पुरे.

पॉट वाचणं

अ‍ॅनालॉग वाचन ० ते १०२३, मिडीला हवं ० ते १२७. नुसतं ८ ने भागलं तर सीमेवर थांबलेला पॉट ६३, ६४, ६३, ६४ असा बडबडत राहतो. शेवटचं पाठवलेलं कच्चं वाचन लक्षात ठेवा आणि नवं त्याच्यापासून किमान ६ ने दूर गेलं तरच पाठवा. या अटीमुळे टोकं कधीकधी गाठली जात नाहीत, म्हणून ८ च्या खालचं सगळं ० आणि १०१५ च्या वरचं सगळं १२७ धरा.

मिडी की कीबोर्ड?

सॉफ्टवेअर मिडी ऐकत असेल तर मिडीच. खिडकी मागे असली तरी संदेश पोचतो, आणि एका संदेशात पाच पायऱ्याही सांगता येतात. रीपर, एबलटन लाइव्ह, गिंप यांना मिडी समजतं, डार्कटेबलला ३.८ आवृत्तीपासून, लाइटरूम क्लासिकला मिडीटूएलआर हे प्लगइन लागतं.

कंट्रोल क्रमांक एन्कोडरना २० ते २३, पॉटना २४ आणि २५, बटणांना १०२ ते १०५ द्या. हे मोकळे सोडलेले क्रमांक आहेत. ७ म्हणजे आवाज, ६४ म्हणजे सस्टेन पेडल, आणि १२० पासून पुढचे राखीव आहेत. १२३ चुकून वापरलात तर नॉब फिरवल्यावर वाजणारे सगळे सूर बंद पडतील.

एन्कोडरची दिशा मिडीत सांगायच्या तीन रीती आहेत आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पहिली: उजवीकडे १, डावीकडे १२७. दुसरी: ६५ आणि ६३. तिसरी: १ आणि ६५. रीपरच्या लर्न खिडकीत याच क्रमाने रिलेटिव्ह १, २, ३ आहेत; इतर ठिकाणी नावं वेगळी असतात. पेटीत पहिली ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तीच निवडा. जुळलं नाही तर चूक लक्षणावरून ओळखता येते:

- स्लायडर तळाशी आणि टोकाला उड्या मारतो: सॉफ्टवेअर अ‍ॅब्सोल्यूटवर आहे, म्हणजे आलेला आकडा हीच स्लायडरची जागा समजतंय.
- दोन्ही दिशांना मोठ्या उड्या, त्याही उलट्या: सॉफ्टवेअर दुसरी रीत धरून बसलंय.
- उजवीकडे ठीक, डावीकडे एकदम धडाम खाली: तिसरी रीत निवडली गेलीय.

पॉटसाठी सॉफ्टवेअरमध्ये पिक-अप किंवा टेकओव्हर अशी सोय असेल तर ती चालू करा. मग पॉट सध्याच्या आकड्यावरून जाईपर्यंत सॉफ्टवेअर त्याचं ऐकत नाही, आणि उडी टळते.

मिडी नसेल तर कीबोर्ड. इथे एफ१३ ते एफ२४ या कळा वापरा. नेहमीच्या कीबोर्डवर त्या नसतात म्हणून कुठल्या शॉर्टकटशी भांडत नाहीत, आणि मजकुराच्या चौकटीत कर्सर असला तरी काही टाइप होत नाही. हिशेबही नेमका जमतो: चार एन्कोडर, दोन दिशा, आठ कळा एफ१३ ते एफ२०, चार बटणांना उरलेल्या चार. मॅकवर एफ१४ आणि एफ१५ पडद्याचा उजेड कमी-जास्त करतात, लिनक्सवर यांतल्या काही कळा भलत्याच नावाने दिसतात; तिथे कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट यांच्या जोड्या बऱ्या. कळ दाबून लगेच सोडू नका, मध्ये १० मिलिसेकंद जाऊ द्या. काही प्रोग्रामना शून्य वेळाची कळ दिसतच नाही.

कीबोर्डची मर्यादा अशी की कळ समोरच्या खिडकीलाच जाते आणि प्रत्येक खटका एक कळ. विंडोजमध्ये आवाजाची कळ दर वेळी २ अंकांनी सरकवते, म्हणजे ० ते १०० ला ५० खटके, अडीच फेऱ्या. आवाजाला ते चालतं. हजार पायऱ्यांच्या पॅरामीटरला नाही.

वेग

मिडीवर मात्र वेग वाढवता येतो. दोन खटक्यांमधलं अंतर ८० मिलिसेकंदांहून जास्त असेल तर १ पाठवा, ३० ते ८० मध्ये ३, त्याहून कमी असेल तर ८. हे आकडे सुरुवातीचे. आपल्या हाताला बसतील तसे बदला. दिशा बदलली की पहिला खटका नेहमी १ धरा, नाहीतर थोडं पुढे गेलो म्हणून मागे आणताना तितकंच मागे पडतो. ब्लेंड मोडसारख्या यादीतून निवडणाऱ्या नॉबला वेगवाढ देऊ नका. आमचं मत विचाराल तर रंग आणि आवाज सोडून कुठेच देऊ नये. तिथे हवा तो आकडा डोळ्यांनी नाहीतर कानांनी सापडतो, इतरत्र तो मोजून गाठावा लागतो.

चालू करताना

आधी मिडी-कीबोर्ड काही नको. नुसते आकडे सीरियल मॉनिटरवर छापा. प्रत्येक एन्कोडर सावकाश २० खटके उजवीकडे फिरवा, मोजणी २० यायला हवी. ४० आली तर ११ सोबत ०० वरही मोजताय. १० आली तर एन्कोडर ३० वाला आहे की काय ते बघा: पूर्ण फेरीत खटके मोजा. उलटी आली तर दोन पिना प्रोग्राममध्येच बदला, सोल्डरिंग आयर्न तापवायची गरज नाही. एखादा नॉब खटक्यावर शांत बसलेला असूनही मोजणी चाळवत असेल तर त्याची एक तार खटक्याच्या अगदी कडेवर बदलते. अशा वेळी मोजणीसाठी ११ ऐवजी ०० ही स्थिती धरून पाहा.

बोर्ड संगणकाला दिसलाच नाही तर पहिला संशय केबलवर. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. दुसरा संशय बोर्डच्या निवडीवर: १६ मेगाहर्ट्झच्या बोर्डला ८ चा समजून प्रोग्राम टाकला की यूएसबीचं घड्याळ चुकतं आणि तो दिसेनासा होतो. आरएसटी (रीसेट) आणि जीएनडी (ग्राउंड) या पिना चिमट्याने पटापट दोनदा जोडा. बूटलोडर (नवा प्रोग्राम उतरवून घेणारा बोर्डमधला छोटा प्रोग्राम) साधारण ८ सेकंद जागा राहतो, तेवढ्यात योग्य बोर्ड निवडून प्रोग्राम पुन्हा टाका.

विंडोजच्या जुन्या मिडी व्यवस्थेत एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. तपासणीचा मिडी मॉनिटर उघडा राहिला की मुख्य सॉफ्टवेअरमध्ये पेटी दिसते पण हलत नाही. मॉनिटर बंद करा, मग सॉफ्टवेअर पुन्हा उघडा.

कीबोर्डवाला प्रोग्राम टाकणार असाल तर त्यात एक सुटकेची वाट ठेवा: सुरू होताना पहिला नॉब दाबलेला असेल तर पेटीने एकही कळ पाठवायची नाही. लूपमध्ये चूक राहिली आणि कळांचा पाऊस सुरू झाला तर नवा प्रोग्राम टाकायलाही कीबोर्ड-माउस हाती लागत नाही. मग नॉब दाबून धरा, केबल काढून पुन्हा लावा आणि निवांत दुरुस्ती करा. या बोर्डांवरचं मायक्रो यूएसबीचं सॉकेट ओढाताणीत तांब्यासकट उपटून येतं. म्हणून झाकण लावण्याआधी सॉकेटच्या तिन्ही बाजूंना गरम गोंद घाला, आणि केबल पेटीच्या भिंतीला आतून एका टायने बांधून टाका.